पिल्लांची आंबील

(सामुदायिक रेडिओवर झालेले भाषण)

मी माहूरहून बोलते आहे. आमच्या तालुक्यात मी बचत गटांची समन्वयक म्हणून काम करते. बैठका, हिशोबाच्या वह्या, बँकेचे फॉर्म, हे माझं रोजचं काम. आज मात्र वहीचं काही बोलणार नाही. कोंबडीच्या पिल्लांना आंबवलेलं खाद्य कसं करायचं आणि कसं वाढायचं, हे सांगणार आहे. त्याआधी माझ्या हातून झालेली एक चूक सांगते. ती ऐकल्याशिवाय कृती सांगितली तर तुम्हीही तीच चूक कराल.

फाल्गुनात आमच्या एका गटातल्या पाच जणींनी पंचवीस-पंचवीस पिल्लं घेतली. फाल्गुनात का, ते तुम्हाला ठाऊकच आहे. तेव्हा आणलेली पिल्लं आखाडापर्यंत विकण्याजोगी होतात, आणि आखाडात गावरान कोंबड्याला जो भाव येतो तो पुढे श्रावण लागला की राहत नाही. या पाच जणींमध्ये एक होती मोठीमाय. तिचं खरं नाव गटाच्या वहीत आहे, पण गावात तिला सगळे मोठीमायच म्हणतात. घरात ती आणि शाळेत जाणारा नातू. तिनं गटातून चार हजारांचं अंतर्गत कर्ज काढलं, पिल्लं आणली, बल्ब लावला, खाली भाताचं तूस अंथरलं. सगळं नीट.

अडचण खाद्याची होती. पिल्लांचं विकतचं स्टार्टर खाद्य किती महाग पडतं हे ज्यांनी पोतं आणलं त्यांना सांगायला नको. त्यात पिल्लं ते नुसती खात नाहीत, पायानं उकरतात, चोचीनं उडवतात. पाव हिस्सा तरी तुसात जातो. मी त्याच सुमारास एका प्रशिक्षणाला जाऊन आले होते. तिथं आंबवलेल्या खाद्याची माहिती मिळाली आणि मला ती फार आवडली. घरचं धान्य वापरता येतं, नासधूस कमी, पिल्लांचं पोटही चांगलं राहतं. मी कागदावर लिहून आणलं: एक भाग धान्य, दोन भाग पाणी, तीन दिवस झाकून ठेवा. बैठकीत मोठ्यानं वाचून दाखवलं. एवढंच नाही, वर माझ्या पदरचं जोडलं, “तीन दिवस झाल्याशिवाय काढू नका हं.”

आता चैत्र म्हणजे आमच्याकडे मोह वेचायचे दिवस. माहूर-किनवटच्या जंगलपट्टीत राहणाऱ्या बायांना हे सांगायला नको. पहाटे चारला टोपलं घेऊन निघायचं, ऊन चढायच्या आत फुलं वेचायची, दुपारी परत. मोठीमाय रोज जायची. रोज रोज आंबवत बसायला तिला वेळ कुठे? तिनं चार दिवसांचं एकदमच बादलीत घातलं. तीन दिवस मोजून ठेवलं. मग पहाटे निघताना पिल्लांची पन्हाळी भरून जायची, ती दुपारी एकला येऊन बघायची. ऊन चाळीसच्या वर. ओलं खाद्य पत्र्याच्या खोलीत नऊ तास पडून.

दोन दिवसांत अकरा पिल्लं गेली.

मला फोन आला तेव्हा माझ्या मनात पहिली भीती आली ती बर्ड फ्लूची. २०२१ च्या जानेवारीत परभणीजवळच्या मुरुंबा गावात काय झालं होतं ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. म्हणून आम्ही आधी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवलं. तुम्हीही असंच करा. एकाएकी पक्षी मरायला लागले तर खाद्याला दोष देत घरात बसू नका, मेलेला पक्षी ओढ्यात टाकू नका, आधी दवाखान्याला सांगा. डॉक्टर आले, दोन पिल्लं उघडून पाहिली, बाकीची हातात घेऊन पाहिली. मग त्यांनी पन्हाळी उलटी केली. कोपऱ्यात, जिथे रोज पुसताना हात पोचत नव्हता, तिथे हिरवट काळी बुरशी बसली होती. बादलीचं झाकण काढलं तर आत दारूच्या सडव्याचा भपका.

मी मोठीमायला म्हटलं, “मोठीमाय, तुला वास नाही का आला?” घरभर मोहाची फुलं वाळत घातलेली होती, तेव्हा मला वाटलं त्या वासात हा वास कळला नसेल.

ती म्हणाली, “आला की. दुसऱ्याच दिवशी आला. माझं नाक म्हणत होतं, हे झालं, आता काढ. पण तू कागदावरून तीन दिवस सांगितलेस ना पोरी. म्या तसंच केलं.”

तिनं मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं. तिनं पाणी दिलं.

पुढच्या बैठकीत एक जण सरळ म्हणाली, “मॅडम, अकरा पिल्लांचे पैसे कोण भरणार?” प्रश्न बरोबर होता. मी माझ्या मानधनातून द्यायला तयार होते, तसं बोललेही. गटानं मोठीमायच्या कर्जाचे हप्ते तीन महिने पुढे ढकलले. माझे पैसे मात्र तिनं घेतले नाहीत. म्हणाली, “पैसे नको. तू सकाळी येत जा. चौदा राहिलेत, ते वाचव.” म्हणून मी तीन आठवडे रोज सकाळी तिच्याकडे गेले. आता जे सांगणार आहे ते त्या तीन आठवड्यांत शिकलेलं आहे. थोडं डॉक्टरांकडून, बरंचसं मोठीमायकडून.

आंबवणं म्हणजे काय, हे आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही. महालक्ष्म्या आता पंधरा दिवसांवर आल्या. नैवेद्याच्या पानावर आंबील लागते. ज्वारी भिजवायची, आंबवायची, मग शिजवायची. दुधाचं दही करतो, इडलीचं पीठ फुगवतो. सगळीकडे काम करणारे जिवाणू साधारण एकाच कुळातले, दह्यातले. ते धान्यातली साखर खातात आणि आंबट आम्ल तयार करतात. त्या आंबटपणात हगवण करणारे वाईट जंतू सहज वाढत नाहीत. पिल्लाच्या पोटातही थोडा आंबटपणा जातो, तिथेही फायदा होतो. दुसरं असं की, धान्याच्या सालीत फॉस्फरस असतो, पण तो असा बांधलेला असतो की पिल्लाला पचत नाही. आंबवल्यानं तो बराच सुटा होतो, आणि फॉस्फरस म्हणजे पिल्लाची हाडं. तिसरं, ओलं खाद्य उडत नाही, त्याची धूळ होत नाही. मोठीमायकडे मी पाहिलं, कोरडं खाद्य दिल्यावर तुसात जेवढं दिसायचं तेवढं ओलं दिल्यावर दिसत नव्हतं.

पण हेच पातेलं दोन पावलं पुढे गेलं की आंबलेलं राहत नाही, नासतं. आंबलेलं आणि नासलेलं यात भिंत नाही, उंबरठा आहे. तो उंबरठा कोणत्या तासाला येईल हे कागद सांगू शकत नाही, कारण कागदाला माहूरचा चैत्र ठाऊक नसतो. माझ्या कागदावरचे तीन दिवस थंडीच्या दिवसांचे होते. आमच्या उन्हाळ्यात एक दिवस पुरतो, कधी रात्रीतून होतं. आत्ता पावसाळ्यात दीड-दोन दिवस लागतात. दिवाळीनंतर थंडी पडली की तीन दिवस.

आता कृती सांगते. वही-पेन घ्या म्हणत नाही, साधी आहे.

भांडं मातीचं, चिनी मातीची बरणी, स्टीलचं किंवा खाण्याच्या वस्तूंची प्लास्टिकची बादली. जर्मनचं पातेलं नको, तांब्या-पितळेचं तर मुळीच नको. आंबट पाणी धातू खातं, तो पिल्लांच्या पोटात जातो. कीटकनाशकाचा किंवा खताचा डबा कितीही घासला असला तरी नको. हे सांगावं लागतं, कारण मी असा डबा एका घरी पाहिला आहे.

धान्य म्हणजे ज्वारी आणि मका, भरडून. जात्यावर भरडा किंवा गिरणीतून जाडसर रवा काढा. पीठ नको, पिठाचा चिकट गोळा होतो आणि पिल्लाच्या चोचीला लागून वाळतो. तांदळाची कणी असेल तर तीही चालते. सुपात पाखडून उरलेलं चालेल, पण त्यात कुबट वासाचं, काळं पडलेलं, किडकं जाळीदार धान्य असेल तर ते नाही. पंचवीस पिल्लांना दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात दिवसाला साधारण अर्धा किलो कोरडं खाद्य लागतं. त्यातलं निम्मंच आपण आंबवायचं आहे. म्हणजे पाव किलो भरडा. एवढाच घाला. चार दिवसांचा एकदम घालू नका. रोजचा रोज.

पाणी. गावच्या नळाला ज्या दिवशी टीसीएल पावडर टाकून पाणी येतं, त्या दिवशी ते पाणी लगेच वापरू नका. जी पावडर वाईट जंतू मारते ती आपले दह्याचे जंतूही मारते. पसरट भांड्यात रात्रभर उघडं ठेवा, वास गेला की वापरा. भरड्यावर दोन बोटं पाणी उभं राहील एवढं घाला. दोन-तीन तासांनी धान्य पाणी पिऊन वर येतं, तेव्हा पुन्हा पाणी घाला. धान्य पाण्याखालीच राहायला हवं. वर उघडं राहिलेल्या दाण्यावर बुरशी आधी बसते. वर धुतलेलं फडकं बांधा. घट्ट झाकण लावू नका, आत वायू तयार होतो. भांडं सावलीत, चुलीपासून लांब. सकाळ-संध्याकाळ लाकडी पळीनं ढवळा.

पहिल्या वेळी मी चमचाभर ताजं ताक घालते. लागतंच असं नाही, पण काम लवकर आणि बरोबर दिशेनं सुरू होतं. ताक बिनमिठाचं. पुढच्या वेळी ताक नको, आधीच्या भांड्यातलं वाटीभर आंबट पाणी विरजण म्हणून घालायचं. मोठीमाय म्हणते विरजण सात-आठ वेळा चालवावं, मग भांडं उकळत्या पाण्यानं धुवून, दिवसभर उन्हात ठेवून, नव्यानं सुरू करावं. दह्याचं विरजण बिघडलं की आपण शेजारून नवं आणतो, तसं.

आता नाक. झाकण काढल्यावर आंबिलीचा, ताकाचा, इडलीच्या पिठाचा वास आला आणि वर बारीक बुडबुडे दिसले, पाणी गढूळ दुधाळ झालं, की झालं. तेव्हाच काढायचं. उकिरड्याचा किंवा कुजलेल्या वासाचा, किंवा सडव्यासारखा डोक्यात जाणारा वास आला तर ते गेलं. आमच्या भागात सडव्याचा वास ओळखायला कोणत्याही बाईला शिकवावं लागत नाही, दुर्दैवानं. वर हिरवी, काळी, गुलाबी, केसाळ बुरशी दिसली तर वरची काढून खालचं देऊ नका. सगळं टाका. आणि टाकायचं म्हणजे उकिरड्यावर नाही, कारण आपल्या कोंबड्या दिवसभर तिथेच उकरत असतात. खड्ड्यात पुरा. पाव किलो ज्वारी वाया गेली म्हणून जीव हळहळतो, माझाही हळहळतो. अकरा पिल्लं आठवा.

झालेलं खाद्य फडक्यातून गाळून घ्यायचं. खालचं आंबट पाणी विरजणाला. आता यात पेंड मिसळायची. इथे थोडं थांबून सांगते, कारण बैठकीत सगळ्यात जास्त प्रश्न यावर येतात.

नुसत्या ज्वारी-मक्यावर पिल्लू वाढत नाही. दिसायला पोट भरलेलं दिसतं, पण पंख लोंबतात, पिसं फुटत नाहीत. वाढत्या पिल्लाला शंभरात वीस भाग प्रथिनं लागतात आणि ज्वारीत आहेत साधारण दहा. आंबवल्यानं दहाचे वीस होत नाहीत. मला कुणीतरी असं सांगितलं होतं, ते खरं नाही. म्हणून पेंड हवीच. पहिले तीन आठवडे मी विकतचं स्टार्टर निम्मं ठेवायला सांगते. त्यानंतर घरचं मिश्रण हळूहळू वाढवायचं. दहा वाट्यांचं माप असं: सहा वाट्या ज्वारी-मक्याचा भरडा, तीन वाट्या सोयाबीनची किंवा शेंगदाण्याची पेंड, एक वाटी तुरीची चुनी किंवा गव्हाचा कोंडा. क्षारांचं मिश्रण दवाखान्यातून विचारून, सांगतील तेवढंच. अंड्याची टरफलं आणि चुना अंडी देणाऱ्या कोंबडीला, पिल्लांना नाही. त्यांच्या मूत्रपिंडाला जास्तीचा चुना झेपत नाही.

यातला भरडा आणि चुनी आंबवायची. पेंड आंबवायला घालत नाही, वाढताना कोरडीच मिसळते. एक तर पेंड उन्हाळ्यात लवकर कुजते. दुसरं म्हणजे कोरडी पेंड ओल्या भरड्यातलं पाणी ओढून घेते आणि खाद्य छान मोकळं होतं. मूठ वळली की लाडू व्हावा, बोट लावलं की फुटावा, इतपत. चिखलासारखं असेल तर पिल्लांच्या पायाला, पिसाला चिकटतं.

तीन गोष्टी पिल्लांच्या खाद्यात जाऊ देऊ नका. पहिली, कच्चं सोयाबीन. आपल्याकडे घरोघरी सोयाबीन आहे, मग पेंड कशाला विकत आणायची, घरचंच भरडू, असं वाटतं. कच्च्या सोयाबीनमध्ये पचन अडवणारे पदार्थ असतात, ते दोन दिवस आंबवून जात नाहीत, उष्णतेनं जातात. कारखान्यातली पेंड गरम होऊन आलेली असते. घरचं वापरायचं तर चांगलं भाजून, तेही थोडं. दुसरी, सरकीची पेंड. म्हशीला चालते, पिल्लाला नाही. तिसरी, बुरशी आलेली शेंगदाणा पेंड. १९६० साली इंग्लंडमध्ये लाखभर टर्की पक्षी मेले. टर्की म्हणजे कोंबडीसारखाच, पण मोठा पक्षी. कारण शोधता शोधता सापडली ब्राझीलहून आलेली भुईमुगाची पेंड, आणि तिच्यातल्या बुरशीचं विष. त्या विषाला अफ्लाटॉक्सिन म्हणतात. ते भिजवून, आंबवून, शिजवून भरवशानं जात नाही. पावसाळ्यात पेंडेचं पोतं भिंतीला टेकून ठेवू नका, खाली फळी घाला, आणि महिन्याच्या वर पुरेल इतकी पेंड आणू नका.

आता वाढण्याबद्दल. खरी गोष्ट इथेच आहे, आणि मी पहिल्या वेळी यातलं एक अक्षर सांगितलं नव्हतं.

पहिला आठवडा आंबवलेलं देऊ नका. पिल्लू नवं असतं, ऊब आणि पाणी सांभाळताना आपलीही धांदल असते. कोरडं स्टार्टर किंवा मक्याचा बारीक भरडा पेपरवर पसरून द्या. आठव्या दिवसापासून सकाळी एक मूठ आंबवलेलं, कोरड्यात मिसळून. चार-पाच दिवसांत निम्म्यावर या. काही पिल्लं तोंड फिरवतात, फिरवू द्या. हिसका बसू नये म्हणून कोरडं बंद करू नका. डेन्मार्कमध्ये २००९ साली अंड्यावरच्या कोंबड्यांना आंबवलेलं खाद्य देऊन पाहिलं, त्याही सुरुवातीला नाखूशच होत्या असं डॉक्टरांनी सांगितलं. तेव्हा माहूरच्या पिल्लांनी नखरे केले तर वाईट वाटून घेऊ नका.

भांडं लांबट आणि उथळ. बांबू मधोमध चिरून, किंवा पाइपचा अर्धा तुकडा. वर एक काडी आडवी बांधा म्हणजे पिल्लं आत उभी राहणार नाहीत. सगळ्यांना एका वेळी चोच घालता यावी एवढी लांबी हवी, नाहीतर धीट पिल्लं खातात आणि बारकी मागे राहतात. सकाळी सातच्या आत आणि संध्याकाळी पाचनंतर, असं दोन वेळा. दुपारी ओलं खाद्य नाही, कोरडं द्या.

आणि अर्धा तास. अर्ध्या तासात जे संपेल तेवढंच वाढायचं. अर्ध्या तासानं भांडं उचलायचं. उरलं तर मोठ्या कोंबड्यांना लगेच टाका, पुन्हा बादलीत घालू नका. भांडं धुवून उन्हात पालथं. कोपऱ्यात बोट फिरवून बघा. ज्या बाईला पहाटेच कामावर जायचं आहे, तिनं पहाटे ओलं वाढूच नये. कोरडं ठेवून जावं आणि संध्याकाळी एकदा आंबवलेलं द्यावं. एकदा दिलं तरी फायदा आहे. घरात सकाळी कुणी उठणारं असेल तर त्याच्यावर सोपवा. मोठीमायकडे आता हे काम नातवाचं आहे. तो शाळेच्या घंटेआधी भांडं उचलतो, घड्याळ बघून.

पाणी स्वच्छ, चोवीस तास. ओल्या खाद्यावर पिल्लं पाणी कमी पितात, म्हणून पाणी काढून घेऊ नका. भरडा खाणाऱ्या पिल्लांना दुसऱ्या आठवड्यापासून वाटीभर बारीक धुतलेली रेती वेगळी ठेवा. कोंबडीला दात नाहीत, पोटातली रेती तिचं जातं. तूस रोज हलवा, ओलं झालेलं काढून टाका. ओल्या तुसात रक्ती हगवणीचे जंतू वाढतात आणि ते आंबवलेल्या खाद्यानं जात नाहीत. विष्ठेत रक्त दिसलं तर डॉक्टरांकडे, त्याच दिवशी.

रात्री पिल्लं झोपताना एक-दोन हातात घेऊन मानेखालची खाद्याची पिशवी चाचपा. संध्याकाळी भरलेली, मऊ. सकाळी रिकामी. सकाळीही टम्म असेल, दाबल्यावर पाण्यासारखी हलत असेल, चोचीला आंबट घाण वास असेल, तर त्या पिल्लाचं ओलं खाद्य बंद करा आणि दाखवा. हे चाचपणं मला मोठीमायनं शिकवलं. तिला तिच्या सासूनं.

आणखी एक. आंबवलेलं खाद्य देतो म्हणजे लस नको, असं एका बाईनं मला ठणकावून सांगितलं. तिचं हे मत कुठून आलं माहीत नाही, बहुधा माझ्याच उत्साहातून. तसं नाही. मानमोडी कोणत्याही आंबिलीनं थांबत नाही. पाचव्या ते सातव्या दिवशी मानमोडीची लासोटा लस डोळ्यात किंवा नाकात थेंब, दोन आठवड्यांच्या सुमारास गंबोरोची, चौथ्या आठवड्यात पुन्हा लासोटा, सहाव्या आठवड्यात देवीची. नेमक्या तारखा पशुसखीकडून किंवा दवाखान्यातून घ्या. लशीची बाटली बर्फात ठेवूनच आणायची, पदराला बांधून नाही.

मोठीमायच्या चौदा पिल्लांचं काय झालं, ते राहिलंच. एक घारीनं नेलं. तेरा वाढली. आखाडात सहा कोंबडे विकले, साडेचारशे रुपयांप्रमाणे सत्तावीसशे आले. कर्ज पूर्ण फिटलं नाही, हे मला सांगायलाच हवं. अकरा पिल्लं असती तर फिटून वर काही राहिलं असतं. सात तलंगा राहिल्या. गेल्या आठवड्यात त्यातल्या एकीनं पहिलं अंडं दिलं, बारकं, तपकिरी, थोडं रक्त लागलेलं. नातवानं ते मला दाखवायला गटाच्या बैठकीत आणलं होतं, रुमालात गुंडाळून. पहिलं अंडं खायचं की ठेवायचं यावर दोघांचं भांडण चाललं होतं.

आता पुढच्या गटाची पिल्लं येत्या पंधरवड्यात यायची आहेत. पावसाळी हवा आहे, बुरशीचे दिवस. म्हणून मी ठरवलं आहे की या वेळी कागद वाचून दाखवायचा नाही. बैठकीत तीन बादल्या ठेवणार. एकात रात्री भिजवलेला भरडा, एकात बरोबर आंबलेला, एकात मुद्दाम नासवलेला. मोठीमाय येऊन बसणार आहे. प्रत्येकीनं डोळे मिटून तिन्हींचा वास घ्यायचा आणि कोणतं पिल्लांना द्यायचं ते सांगायचं. जिला सांगता येणार नाही तिनं पुढच्या आठवड्यात पुन्हा यायचं, पिल्लं तोवर थांबतील. तुमच्या गावात अशी बैठक हवी असेल तर तुमच्या गटाच्या अध्यक्षांना सांगा, निरोप आमच्यापर्यंत येतो. नासवलेली बादली आम्ही घेऊन येऊ, ती बसमध्ये कुणी चढू देईल की नाही, तेवढंच बघायचं आहे.